पोकळ वाजणाऱ्या टाइल्स



आज नेहमीसारखा पाठाचा घटक नाही, तर आमच्या सोसायटीच्या पोहण्याच्या तलावाची गोष्ट सांगणार आहे. गोष्ट तलावाची असली तरी ती शेवटी माझ्या आठवीच्या वर्गात येऊन पोचते, म्हणून इथे लिहिते.

पुण्यातली आमची सोसायटी वीस-बावीस वर्षांची, तलावही तेवढाच जुना. लांबी १२ मीटर, रुंदी ६ मीटर. एका टोकाला खोली ०.९ मीटर, दुसऱ्या टोकाला १.५ मीटर. टाइल्स जागोजागी निघालेल्या, तळाच्या जाळीचं झाकण तुटलेलं. रोज सकाळी वॉचमनकाका पाइप लावून पाणी वाढवायचे. उन्हाने पाणी आटतं, असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो. मग एका लहान मुलाचा पाय टाइलच्या कडेने चांगलाच कापला आणि तलाव बंद झाला.

सभेत तीन मतं पडली. काही म्हणाले, तलाव बुजवा आणि गाड्या लावा. उन्हाळ्यात आपण टँकर मागवतो, मग ही चैन कशाला? दुसरं मत कंत्राटदाराचं. जुन्या टाइल्सवरच नव्या बसवू, पंधरा दिवसांत तलाव चकाचक. तिसरं मत एका निवृत्त इंजिनिअर काकांचं. ते म्हणाले, "आधी पाणी जातंय कुठे ते तरी बघा." खरं सांगते, मी हात वर केला तो चकाचक टाइल्ससाठी. मुलांची सुट्टी जवळ आली होती, काम लवकर उरकावं एवढंच डोक्यात होतं. पण काकांनी महिनाभराची मुदत मागून घेतली.

त्यांची पहिली चाचणी अगदी घरगुती होती. एक बादली तलावाच्या पायरीवर ठेवायची आणि तलावाच्या पातळीएवढंच पाणी तिच्यात भरायचं. बादलीच्या आतून आणि बाहेरून खूण करायची आणि २४ तास थांबायचं. ऊन-वारा दोन्हीकडे सारखाच, त्यामुळे बादलीतलं पाणी जेवढं उतरेल तेवढं आटलेलं. तलावाचं त्याहून जास्त उतरलं, तर वरचं सगळं गळालेलं.

मोजायला सोसायटीतली मुलं जमली. त्यात माझ्याच शाळेतली, माझ्याच वर्गातली एक मुलगी होती. शाळेत मी तिची मॅडम आणि इथे काकू, त्यामुळे तिची नेहमी गडबड व्हायची. दुसऱ्या दिवशी बादली ६ मिलिमीटर उतरली होती आणि तलाव ३० मिलिमीटर. म्हणजे गळती २४ मिलिमीटर.

"मग किती पाणी गेलं, काढ बघू," मी म्हटलं. तिने पटकन १२ × ६ × २४ केलं आणि सांगितलं, "१७२८ घनमीटर, काकू... मॅडम!"

"आणि अख्ख्या तलावात पाणी मावतं किती?"

ती अडली. "उंची कुठली घ्यायची? दोन आहेत ना." उतार सरळ आहे, मग दोन्हींची सरासरी १.२ मीटर चालेल, हे सांगितल्यावर तिने ८६.४ घनमीटर काढलं. दोन्ही उत्तरं शेजारी शेजारी लिहिली. अख्ख्या तलावात ८६.४ आणि एका दिवसाची गळती १७२८! तिला त्यात काही खटकलंच नाही. एक घनमीटर म्हणजे किती लिटर असं विचारलं, तर म्हणाली, "शंभर?"

या मुलीला घनफळाच्या चाचणीत पैकीच्या पैकी गुण होते. मीच दिले होते.

गंमत म्हणजे तिचा १७२८ हा आकडा बरोबर होता, फक्त तो लिटरमध्ये होता. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. पाऊस मिलिमीटरमध्ये मोजतात, त्याचा अर्थही इथेच उलगडतो. शहरात माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी धरतात. त्या हिशोबाने आमच्या तलावातून रोज बारा-तेरा माणसांचं पाणी जमिनीत जात होतं. हा आकडा मुलांनी नोटीस बोर्डावर लावला, तेव्हा बुजवा म्हणणारे आणि टाइल्स म्हणणारे दोघेही गप्प झाले.

मग पाणी वाढवणं बंद केलं. पातळी रोज उतरत गेली, पाणी हिरवट झालं. सुमारे तीन आठवड्यांनी ती पाण्याखालच्या दिव्याच्या खोबणीशी येऊन थबकली. त्यानंतर तलाव बादलीइतकाच उतरू लागला. म्हणजे गळती तिथेच कुठेतरी होती. दिव्याचा मेन स्विच बंद करून, खोबण बुडेल एवढं पाणी पुन्हा भरलं. पाणी अगदी स्थिर झाल्यावर काकांनी सिरिंजने शाई सोडली. शाईची रेघ सरळ वायरच्या नळीच्या तोंडात ओढली गेली. मुलं ओरडलीच! वरून कितीही सुंदर टाइल्स लावल्या असत्या, तरी पाणी तिथून जातच राहिलं असतं.

तलाव रिकामा झाल्यावर मिस्त्रींनी हातोडीच्या दांड्याने एकेक टाइल वाजवली. घट्ट बसलेली टणक वाजते, सुटलेली पोकळ. वरून दोन्ही सारख्याच दिसतात. निम्म्याहून जास्त पोकळ निघाल्या. सगळ्या काढल्या, भेगा खोदून भरल्या, नळीचं तोंड नीट बंद केलं, वॉटरप्रूफिंग केलं. जाळीचं झाकण नवं बसवलं. मग टाइल्स लावायच्या आधी पाणी भरून आठवडाभर ठेवलं आणि बादली पुन्हा पायरीवर आली. दोन्हीकडे ७-७ मिलिमीटर! त्यानंतरच टाइल्स लागल्या. मिस्त्रींनी आणखी एक गोष्ट शिकवली. पावसाळ्यात असा तलाव रिकामा करू नये. भोवतालची जमीन पाण्याने भरलेली असते आणि ते पाणी रिकाम्या तलावाला होडीसारखं वर ढकलतं. तळ तडकू शकतो.

त्या आवाजाने मला मात्र वर्गात स्वस्थ बसू दिलं नाही. परीक्षेआधी सूत्रांची उजळणी, नमुना प्रश्न, पुन्हा उजळणी... हे माझं टाइल्सवर टाइल्स बसवणंच होतं. गुणपत्रिका चकाचक आणि खाली पोकळ.

मग मी दोन तासिका वेगळ्या काढल्या. पुठ्ठ्याचा १० सेंमी बाजूचा घन केला, आत प्लास्टिकची पिशवी लावली आणि त्यात एक लिटरची बाटली ओतली. बरोबर मावली. मग एक मीटरच्या बारा काठ्या बांधून मोठा घन उभा केला आणि त्यात मुलांना बसवलं. छोटे घन त्यात किती मावतील? लांबीत दहा, रुंदीत दहा, उंचीत दहा. "हजार!" मागच्या बाकावरून उत्तर आलं. यात अभ्यासक्रम थोडा मागे पडला. पुढच्या चाचणीत वर्गाचे गुण काही फार वाढले नाहीत, हेही प्रामाणिकपणे सांगते. पण आता उत्तर काढून झाल्यावर तीन-चार मुलं थांबून विचारतात, "मॅडम, हे एवढं असू शकतं का?"

पालकहो, तुमच्याकडे तलाव नसेल, पण बादली नक्की आहे. घरातला गळका नळ तासभर बादलीवर सोडा, पाणी मोजा आणि दिवसाचा हिशोब मुलांना करायला सांगा. उत्तर आलं की लगेच बरोबर-चूक म्हणू नका. एक टकटक करून बघा, "हे एवढं असू शकतं का?"