तिसऱ्या हाकेपर्यंत

लहानपणी आजीने मला एक नियम घालून दिला होता. रात्री अंगणातून कुणी नावाने हाक मारली, तर लगेच ओ द्यायची नाही. भूत म्हणे दोनदाच हाक मारते. तिसरी हाक आली तर समजावे की माणूस आहे, आणि मग खुशाल दार उघडावे. या नियमामागे शास्त्र कितपत होते ते आजीलाच ठाऊक! पण साजगावच्या काळोखात मी तो इमानाने पाळला. एकदा तर तीन हाका पुऱ्या होईपर्यंत सख्खा मामा श्रावणातल्या पावसात भिजत उभा राहिला होता.

हल्ली मात्र हाकांची मोजदाद माझ्या शक्तीबाहेरची झाली आहे. मी इथल्याच एका कारखान्यात हिशेबाच्या टेबलावर बसतो. नोकरीला लागलो तेव्हा आम्हांला हाक मारायला एक भोंगा होता. तो ठरल्या वेळी वाजायचा, आणि वाजून झाला की गप्प बसायचा. आता भोंगा प्रत्येकाच्या खिशात आला आहे आणि गप्प बसणे तो विसरला आहे. व्हॉट्सॲपवर कारखान्याचा एक गट, हिशेब खात्याचा दुसरा, मालाच्या गाड्यांचा तिसरा, आणि साहेबांनी ‘फक्त महत्त्वाच्या कामासाठी’ काढलेला चौथा. सर्वांत जास्त सुप्रभात याच चौथ्या गटावर येतात. शिवाय मेल आहे, हजेरीचे ॲप आहे, बँकेचे ॲप आहे. एकदा सकाळी नऊ ते दुपारी एकपर्यंतच्या हाका मी कागदावर रेघा ओढून मोजल्या. एकशे चौदा भरल्या. त्यांत माझ्या कामाच्या सात!

उरलेल्या एकशे सातांचे काय करतो? काय करणार! न वाचता अंगठ्याने बाजूला सारतो. असा अंगठा एकदा सवयीचा झाला की तो डोक्याला विचारीत नाही. माझा घात झाला तो इथेच.

दोन वर्षांपूर्वीच्या कार्तिकातली गोष्ट. कार्तिकी एकादशीला आमच्या ताकईला बोंबल्या विठोबाची यात्रा भरते. यात्रेत सुक्या बोंबलांचा मोठा बाजार लागतो, म्हणून देवाचेही नाव तसे पडले. नातवंडांना घेऊन दिवसभर गर्दीत हिंडलो आणि रात्री अंथरुणावर पडलो तो पार थकून. डोळा लागतो न लागतो तोच फोन थरथरला. ‘आपल्या कार्यालयीन खात्यात प्रवेश होत आहे. आपणच आहात का? होय. नाही.’ मी ‘नाही’ दाबले. पुन्हा थरथरला. पुन्हा ‘नाही’. असे दहा-बारा वेळा झाले. मग व्हॉट्सॲपवर मोठ्या अदबीचा एक निरोप आला : ‘नमस्कार सर, मुंबई ऑफिसच्या कॉम्प्युटर विभागातून. दुरुस्ती चालू आहे. एकदा होय करा, म्हणजे त्रास थांबेल.’ मी ‘होय’ केले. त्रास खरोखरच थांबला, आणि कित्येक दिवसांत लागली नव्हती अशी झोप मला लागली!

माझा पासवर्ड चोराला आधीच सापडला होता. म्हणजे कुलपाची किल्ली त्याच्याजवळ होती. उरली होती ती फक्त आतली कडी. ती मी आपल्या हाताने काढून दिली. आजीचे भूत दोन हाकांत थकत असे. हे भूत थकत नाही. ते आपल्याला थकवते.

सकाळी कामावर जाऊन बसतो तोच कर्जतच्या एका जुन्या व्यापाऱ्याचा फोन आला. “भाऊसाहेब, वीस वर्षांत बदलले नाही ते बँकेचे खाते आजच कसे हो बदलले?” माझ्या हातापायांतले बळच गेले. माझ्या नावाने, माझ्या मेलवरून, रातोरात कितीतरी गिऱ्हाइकांना पत्रे गेली होती : यापुढचे पैसे या नव्या खात्यात भरावेत.

आता खरी कबुली द्यायची ती पुढेच आहे. त्या क्षणी उठून साहेबांकडे जायला हवे होते. मी गेलो नाही. पासवर्ड बदलला, दोघा-तिघांना फोन केले, आणि बभ्रा न होता निभावेल अशा आशेने दोन तास खुर्चीला चिकटून राहिलो. एवढ्या वर्षांच्या नोकरीनंतर ‘झोपेत होय म्हणालो’ हे सांगायची लाज वाटली! त्या दोन तासांत खोपोलीत लहानसे वर्कशॉप चालवणाऱ्या एका बाईंनी साठ हजार रुपये त्या खोट्या खात्यात भरले. शेवटी १९३० या सरकारी क्रमांकावर तक्रार केली तेव्हा थोडी रक्कम अडवता आली, बाकीची गेली. ती माझ्या पगारातून हप्त्याने फेडतो म्हणून मी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी घेतली नाही. “भाऊ, तुम्ही दहाला सांगितले असतेत, तर मी अकराला भरले नसते,” एवढेच त्या म्हणाल्या.

पुढे मी या विषयावरचे बरेच वाचले. सप्टेंबर २०२२ मध्ये उबेरसारख्या जगड्व्याळ कंपनीतही असेच घडले होते. तिच्यासाठी कंत्राटावर काम करणाऱ्या एका माणसाला परवानगीच्या सूचनांनी भंडावून सोडले; आधी त्याने नकार दिला, शेवटी एकदा होकार दिला. त्याच महिन्यात पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये एका संचालकांच्या व्हॉट्सॲपवर अदर पूनावाला यांच्या नावाने निरोप आले की अमुक खात्यांत ताबडतोब पैसे पाठवा. एक कोटीहून अधिक रुपये गेले, आणि मागाहून कळले की निरोप पूनावालांचे नव्हतेच. या थोरामोठ्यांच्या पंगतीत मी बसतो, याचा आनंद मानावा की काय, हे अजून ठरले नाही!

यावर उपायही निघाले आहेत. मायक्रोसॉफ्टने मे २०२३ पासून आपल्या ऑथेंटिकेटर ॲपमध्ये अशा सूचनांना नुसते ‘होय’ म्हणणे पुरेसे ठेवलेले नाही. संगणकाच्या पडद्यावर दिसणारा आकडा फोनवर भरावा लागतो. चोराच्या पडद्यावरचा आकडा मला कुठून दिसणार? आमच्या कारखान्यातही आता अशीच सोय झाली आहे. माझ्यापुरते म्हणाल, तर सगळ्या गटांचे आवाज मी बंद केले. दिवसातून तीनदा, भोंग्यासारखे, ठरल्या वेळी उघडून पाहतो. न मागता परवानगीची सूचना आली, तर नुसते ‘नाही’ म्हणून स्वस्थ बसत नाही. पासवर्ड फुटला असे समजून तो बदलतो आणि तडक साहेबांना सांगतो. आणि पैशाची गोष्ट निघाली, तर आलेल्या हाकेला ओ देत नाही. आपल्या वहीतला जुना नंबर काढून आपणच उलट हाक मारतो.

बिल हाती पडले की खोपोलीच्या बाईंचा अजूनही मला फोन येतो. “भाऊ, खाते तेच ना?”

तो फोन मात्र मी पहिल्याच हाकेला उचलतो.