बोलण्याची किंमत

बोलणें हा माझा धंदा आहे. गेलीं तीस वर्षें मी महाविद्यालयांत बोलत आलों आहें, आणि शब्द जपून वापरावे असें या अवधींत मला कोणीं सुचविल्याचें आठवत नाहीं. घरच्या मंडळींनीं सुचविलें असेलहि. पण त्या वेळीं बहुधा मीच बोलत असेन. शेवटीं ही शिकवण मला दिली ती एका बॅटरीनें.

मला बिनतारी संदेशांचा नाद आहे. सरकारी परीक्षा उत्तीर्ण होऊन परवाना काढावयाचा आणि स्वतःच्या यंत्रावरून दूरदूरच्या समानधर्मीयांशीं बोलावयाचें, असा हा छंद. या हौशी लोकांना 'हॅम' म्हणतात. एरवीं सारा मामला करमणुकीचा. पण ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहाटे किल्लारीस भूकंप झाला, तेव्हां असेच हौशी लोक आपापलीं यंत्रें घेऊन त्या भागांत धांवले होते. मी त्या वेळीं नुकताच पदवीधर झालों होतों. ती हकीकत वाचली आणि या नादास लागलों.

संकटांत तारा तुटतात, वीज जाते. मग ज्याच्याजवळ स्वतःची वीज असेल त्याचेंच बोलणें बाहेर पोंचतें. म्हणून आम्ही अधूनमधून लटक्या संकटाची तालीम करतों. एखाद्या उंच जागीं जावयाचें आणि बाहेरच्या विजेला हात न लावतां चोवीस तास केंद्र चालवावयाचें. अमेरिकेंतील हौशी मंडळींनीं अशा वार्षिक तालमीस १९३३ सालीं आरंभ केला. आमची तालीम पावसाळ्याच्या तोंडीं, टेकडीवरच्या एका शाळेंत ठरली, आणि विजेचें खातें माझ्याकडे आलें.

मीं हिशेब मांडला. बॅटरी शिशाची, १०० अँपियर-तासांची, वजनानें सुमारें तीस किलो. ती टेकडीवर चढवितांना माझे दोन विद्यार्थी तोंडानें कांहीं बोलले नाहींत, एवढा त्यांचा विनय. अशा बॅटरीवर शंभराचा आंकडा असला तरी निम्म्याहून अधिक काढूं नये, नाहींतर तिचें आयुष्य घटतें. म्हणजे हातीं पन्नास. आमचें यंत्र ऐकतांना सुमारें एक अँपियर घेतें; बोलतांना मात्र, आवाज चढेल तसतसें, वीसपर्यंत जातें. सरासरी दहा धरले. बावीस तास ऐकणें आणि दोन तास बोलणें, मिळून बेचाळीस. आठ शिल्लक! सूर्यप्रकाशावर वीज देणारा एक फलक बरोबर होता, पण आभाळ भरलेलें. आणि जनित्राची घरघर रात्रीं नको म्हणून तें आम्हीं नेलेंच नव्हतें.

हिशेबांत एकच चूक होती. बोलणारा मी होतों, हें मीं धरलें नव्हतें. दुपारी बारा वाजतां केंद्र सुरू झालें आणि संध्याकाळपर्यंत मीं पावसाची, तब्येतीची, नव्या अभ्यासक्रमाची चौफेर चर्चा केली. दोन तासांचे चार तास केव्हां झाले तें समजलें नाहीं.

रात्रीं तीनच्या सुमारास मुख्य केंद्राची हांक आली : "तुमच्याकडे जखमी किती?" शब्द न् शब्द स्पष्ट होता. मीं बोलण्याची कळ दाबली, आणि यंत्र मालवलें. कळ सोडली, यंत्र पुन्हां सुरू केलें. पुन्हां तीच हांक, पुन्हां तोच अंधार. कारण साधें होतें. थकलेली बॅटरी ऐकण्यापुरता एक अँपियर पुरवीत होती. वीस मागतांच तिचा दाब कोसळे. त्यांतून मीं वापरलेल्या तारा लांब आणि बारीक, त्यांतहि कांहीं दाब गळे. यंत्राला निदान पावणेबारा व्होल्ट हवे असतात. तिसरी हांक झाली. मग तिकडचा माणूस कोणाला तरी म्हणाला, "हें गांव उत्तर देत नाहीं. पुढचं घ्या."

जखमी कागदावरचे होते, हें मला ठाऊक होतें. तरी माझ्या अंगावर कांटा आला.

"सर," एक विद्यार्थी हळूच म्हणाला, "शंभर वॅटवरून पांचांवर येऊन पाहूं या का?" आलों. या वेळीं यंत्र मालवलें नाहीं. मी एवढेंच म्हणालों, "तेरा जखमी. पाणी पाठवा." क्षणभर नुसती खरखर. मग पलीकडून शब्द आला : "मिळालं."

शक्ति चतुर्थांश केली, तर ऐकणाराच्या मापकावर खूण जेमतेम एका घरानें खालीं येते, हें मला पुस्तकांतून पाठ होतें. शंभराचे पांच केले तरी घरें दोनच उतरतात. हें मीं इतरांना शिकविलेंहि होतें. दिवसभर मात्र शंभराखालीं येण्याची मला बुद्धि झाली नाहीं.

आतां मी लोह-फॉस्फेटची लिथियम बॅटरी नेतों. तिचें वजन निम्म्याहून कमी आणि तिच्यांतली बहुतेक सगळी वीज वापरतां येते. ताराहि आंखूड आणि जाड घेतल्या आहेत. पण खरी काटकसर तेथें नाहीं. मी पंचवीस वॅटवर बोलतों, निरोप आधीं कागदावर लिहितों, आणि उरलेला वेळ ऐकतों.

घरींहि या संवयीचा कांहीं परिणाम झाला असावा. परवां हिनें सहज विचारलें, "तब्येत बरी आहे ना? आज माझं बोलणं शेवटपर्यंत ऐकलंत!"