चरा नव्हे, रेघ!

मराठी विभागासाठी लेख मागायला मंडळी आली तेव्हा मी आधीच सांगून टाकलं, "मी कॉन्व्हेंटचा. ऱ्हस्व-दीर्घाची जबाबदारी तुमची!" ते 'चालेल' म्हणाले, म्हणजे आता तुम्हालाही चालवून घ्यावं लागणार. विषय आहे जेवायच्या प्लेटांवरच्या काळ्या ओरखड्यांचा. हसू नका! त्या ओरखड्यांपायी आमच्या घरी एका बाईचं काम जाणार होतं.

आमचं घर कराडातच. आईने भिशीच्या पैशातून घेतलेला पांढरा चिनीमातीचा डिनर सेट कित्येक वर्षं शोकेसमध्ये पाहुण्यांची वाट बघत होता. मागच्या दिवाळीत आईने ठरवलं, वस्तू वापरायलाच असतात. सेट रोजच्या जेवणात आला आणि चार महिन्यांत प्लेटांवर करड्या-काळ्या रेघा दिसायला लागल्या. आईचा निकाल तयार होता: भांडी घासणाऱ्या मावशी तारेची घासणी वापरतात. मावशी म्हणाल्या, "वहिनी, देवाशपथ, काथ्याशिवाय हात लावत नाही मी." पण आई पुढच्या महिन्यापासून दुसरी बाई बघायचं म्हणत होती. मावशींचं सगळं तीन घरांवर चालतं, त्यातलं एक आमचं.

मी एक प्लेट उजेडात धरली आणि रेघेवरून आडवं नख फिरवलं. खरा चरा असेल तर नख खाचेत अडकतं. इथे ते सरळ घसरून गेलं. म्हणजे प्लेटचं काही गेलंच नव्हतं, उलट तिच्यावर काहीतरी येऊन बसलं होतं!

सिव्हिलवाल्यांना हे लगेच कळेल. जिऑलॉजीच्या प्रॅक्टिकलला आपण खनिज पांढऱ्या चिनीमातीच्या फरशीवर घासतो आणि उमटलेल्या रेघेचा रंग बघतो. ती रेघ म्हणजे खनिजाचीच पूड. सोनार तेच करतो. दागिना काळ्या कसोटीवर घासतो, पिवळी रेघ उमटते, पण कसोटीला चरा पडला असं कोणी म्हणत नाही. प्लेटवर काचेसारखा थर असतो, त्याला ग्लेझ म्हणतात. तो हाताला गुळगुळीत लागला तरी बारीक पाहिलं तर खडबडीत असतो आणि चांगलाच कठीण. स्टीलचा चमचा त्यावर जोर देऊन फिरवला की कानशीवर घासल्यासारखा थोडा धातू तिथेच राहतो. झिजतो तो चमचा, बदनाम होते प्लेट! (आणि मावशी.)

पण तारेची घासणीही धातूचीच, तिच्यानेही अशाच रेघा उठतात. मग चमचा की घासणी? मी सगळ्या प्लेटा ओट्यावर मांडल्या. रेघा होत्या त्या मधोमध, जिथे आपण भात कालवतो. काठ कोरा, मागची बाजू कोरी. घासणी काय फक्त मधेच फिरते? शिवाय आमच्याकडे चक्क कंट्रोल सॅम्पल निघालं. आजी हाताने जेवते, आणि काठाचा टवका उडालेली प्लेट तिची ठरलेली आहे. तीही त्याच मावशी, त्याच मोरीत घासतात. तिच्यावर एक रेघ नाही! आजीने एका वाक्यात रिपोर्ट दिला, "मावशीला कशाला बोलतीस? पोरांना चमच्यानं जेवायला त्या कॉन्व्हेंटनं शिकवलं."

आता उपाय. तीन चमचे खायचा सोडा, एक चमचा पाणी, घट्ट लेप करायचा. ओल्या मऊ फडक्याने रेघेवर हलक्या हाताने गोल गोल चोळायचं आणि धुवून टाकायचं. सोडा ग्लेझपेक्षा बराच मऊ असतो, त्यामुळे वर बसलेला धातू निघतो आणि ग्लेझला धक्का लागत नाही. होस्टेलवर सोडा कुठून आणणार? पांढरी टूथपेस्ट चालेल, तीही तशीच बारीक घासते. हट्टी रेघेवर आधी लिंबाचा रस किंवा चिंचेचा कोळ थोडा वेळ ठेवून बघा, आंबटपणा धातूला सैल करतो. मात्र लिंबू आणि सोडा एकत्र कालवू नका. फेस झकास येतो, पण आम्ल आणि अल्कली एकमेकांना संपवतात आणि कामाला कोणीच उरत नाही. सोनेरी काठ असेल तर तो चोळू नका, वर्खही निघून जाईल.

राख, विटेची पूड, नदीची वाळू ही पितळेच्या भांड्यांची जुनी औषधं इथे नकोत. वाळूतली गारगोटी मोह्जच्या मापात सातवर, म्हणजे ग्लेझहूनही कठीण. तिने खरे चरे पडतात आणि पुढच्या रेघा त्यांत आणखी पक्क्या बसतात. खरा चरा कशानेच जात नाही. मेलामाइनच्या प्लेटांवर चमच्याने पडतात ते खरेच चरे, तिथे सोड्याची आशा धरू नका. आणि चिनीमातीच्या प्लेटा एकावर एक रचताना मधे कागद ठेवा. बुडाच्या कडेला ग्लेझ नसतं, ती खालच्या प्लेटला घासते.

अर्ध्या तासात सहा प्लेटा पांढऱ्या झाल्या. दोन प्लेटांवर एकेक बारीक चरा राहिला, तो खराच होता. आईने प्लेटा बघितल्या, काही बोलली नाही. आमच्याकडे मोठी माणसं सॉरी म्हणत नाहीत. दुसऱ्या दिवशी मावशी आल्या तेव्हा आईने आधी त्यांना बसवून चहा दिला आणि एक स्वच्छ प्लेट दाखवून म्हणाली, "चमच्यांचं होतं ते." मावशी म्हणाल्या, "मी सांगत हुते की," आणि चहा पिऊन कामाला लागल्या.

दुसरी बाई बघायचा विषय पुन्हा निघाला नाही. रेघा अधूनमधून उमटतात, कारण आम्ही भावंडं चमचे सोडायला तयार नाही. त्यामुळे रविवारी सोडा आणि फडकं माझ्याकडे असतं. आजीची प्लेट मात्र कधीच घ्यावी लागत नाही.