मुरदोलीचं भाडं

शनिवारी सबमिशन आटोपलं की मी आणि माझा रूम पार्टनर गाडीनं घरी निघायचो. गोंदिया ते सडक अर्जुनी, चाळीसेक किलोमीटर. पेट्रोल दोघांत वाटलं की एसटीच्या तिकिटापेक्षा स्वस्त. मेसचं बिल थकवणाऱ्यांना हे गणित मी काय समजावणार!

मागच्या पावसाळ्यात हे गणित चुकलं. रात्रीचे साडेआठ, गोरेगाव मागे पडून मुरदोलीचं जंगल लागलेलं, गाडी सत्तरवर. काहीतरी आडवं आलं, चाकाला धक्का बसला. कसेबसे सावरलो. मागे पाहिलं तर ससा, पाय झाडत होता.

"ससाच होय बे, चाल."

निघालो. पण याच रस्त्यावर ऑगस्ट २०२३ मध्ये मोटारीच्या धडकेनं वाघ मेला होता, ते डोक्यातून जाईना. नागझिरा आणि नवेगावच्या मधलं हे जंगल, जनावरं इथूनच ये-जा करतात. गाडी मी चालवत होतो. वाघ असता तर?

पिगू नावाच्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञानं १९२० मध्येच मांडलं होतं की दुसऱ्याचं जेवढं नुकसान कराल तेवढा कर भरा. सिंगापूरनं १९७५ पासून आणि लंडननं २००३ पासून गर्दीच्या भागात शिरणाऱ्या मोटारींकडून पैसे घेतले. आपल्याकडे एसटीच्या तिकिटात प्रवासी कर असतो, माझ्या गाडीचा रोड टॅक्स मात्र बाबांनी गाडी घेतानाच एकदाचा भरला. पेट्रोलवर कर आहे, नाही कसा? पण दिवसा धानाच्या बांध्यांमधून जा की रात्री मुरदोलीतून, तो सारखाच. मग रात्री जंगलातून जाणाऱ्याकडून जास्त पैसे घ्यावेत आणि त्यातून संध्याकाळची एखादी एसटी वाढवावी, असं मी रूमवर बोललो.

पार्टनर उसळला. "पैसे भरले म्हणजे ससा मारायचं लायसन भेटलं का बे? कारवाला भरन अन् शंभरनं जाईन. मरण आपलंच."

याला माझ्याकडे धड उत्तर नाही. कर्नाटकात बंदीपूरच्या जंगलातला रस्ता २००९ पासून रात्री बंदच ठेवतात, अँब्युलन्स आणि मोजक्या बस तेवढ्या सोडतात. तेच बरं असेल कदाचित. पण मग उशिरा सुटणाऱ्या प्रॅक्टिकलचं काय, हेही कोणीतरी बघायला हवं.

गेल्या शनिवारी मी पाचच्या एसटीनं गेलो. तो एकटाच गाडीनं आला, पेट्रोल सगळं त्याच्याच खिशातून. सोमवारपासून माझ्याकडे अर्धे पैसे मागतोय.