न मागता दिलेलं पाणी

झिजलेली वस्तू टाकून देणं आमच्या पिढीच्या अगदी जिवावर येतं. पूर्वी कोयता झिजला की लोहाराकडे जायचा. लोहार त्याला पोलादाचं नवं तोंड बसवायचा, लाल करून ठोकायचा आणि मग 'पाणी द्यायचा'. लालबुंद पोलाद एकदम थंड केलं की काचेसारखं कडक होतं, आणि तितकंच ठिसूळही. म्हणून तो फक्त धार बुडवी, घासून चकचकीत करी आणि मागची धग हळूहळू पुढे येऊ देई. २२० अंशांच्या आसपास धारेवर वाळल्या गवताचा पिवळा रंग चढतो, ३००च्या सुमारास निळा. हवा तो रंग दिसला की पुन्हा पाण्यात. थर्मामीटर नाही की काही नाही!

हे आठवायचं कारण म्हणजे आमच्या सोसायटीचं गवत कापायचं यंत्र. पात्याची टोकं झिजून पातळ झाली होती. मीटिंगमध्ये सूचना आली, "नवं कशाला? वेल्डिंगने भर घालू." काटकसर मलाही प्रिय आहे, पण मी विरोध केला.

वेल्डिंगच्या टाक्यालगतचं पोलाद क्षणात भयंकर तापतं आणि शेजारच्या थंड धातूमुळे तितक्याच झटकन निवतं. म्हणजे न मागता दिलेलं पाणीच ते! तिथेच डोळ्यांना न दिसणारी भेग पडू शकते. पातं आधी तापवून, नंतर राखेत सावकाश निवू दिलं तर धोका कमी होतो, पण जात नाही.

शेतकरी रोटाव्हेटरची पाती भरून घेतात, पण ती मिनिटाला दोन-अडीचशे फेरे घेतात, तेही मातीत. आमचं यंत्र घेतं सुमारे ३०००. अर्ध्या मीटरच्या पात्याचं मी गणित मांडलं. टोकाचा वेग निघाला ताशी सुमारे २८० किलोमीटर!

कोयत्याचा टाका निखळला तर काम थांबतं. इथे तुकडा उडाला तर तो माळीदादांच्या पायात, नाहीतर झोपाळ्यावरच्या पोरांच्या अंगावर. पैसे वाचवायला हात वर करणारे आम्ही कोणीच तेव्हा गवतात उभे नसतो. एवढंच मी म्हणालो.

असो. नवं पातं आलं. जुनं भंगारात जाऊ दिलं नाही हं! माळीदादांनी लोहाराकडून त्याची दोन खुरपी करून आणली. छान चालतात.