यंत्राआधी विहिरीला विचार

चि. मनू,


श्रीवर्धनच्या वाडीतल्या चार खोल्या तू पाहुण्यांसाठी उघडते आहेस, हे वाचून फार बरं वाटलं. पिण्यासाठी आरओ बसवू की बाटल्यांचे खोके आणि जार मागवू, असं विचारलंयस. पाठवलेली दरपत्रकं मी तूर्त बाजूला ठेवलीत. आधी विहिरीचं बोलू.

किनाऱ्यावरच्या जमिनीत मुरलेलं पावसाचं गोडं पाणी खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, कारण ते हलकं. ढोबळ हिशेब असा, की गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीच्या 1 फूट वर असेल, तर खाली साधारण 40 फूट गोडं पाणी असतं. म्हणजे उपशाने ती पातळी फूटभर उतरली, तर खालचं खारं पाणी कालांतराने 40 फूट वर चढू शकतं! रहाटाचा बैल थकायचा, पंप थकत नाही. दिवाळीत गोड लागणारी विहीर वैशाखात मचूळ होते, ती यामुळेच.

आता आरओ. त्याचा पडदा क्षार अडवतो, पण 1 लिटर चांगलं पाणी देताना घरगुती यंत्र बहुधा दोन-तीन लिटर सोडून देतं. पाणी मचूळ म्हणून यंत्र, यंत्रासाठी जादा उपसा, उपशाने पाणी आणखी मचूळ. अर्थात पिण्यापुरता हा उपसा किरकोळच. विहिरीचा खरा घात करतात शॉवर, फ्लश आणि हल्ली प्रत्येक जाहिरातीत दिसणारा तो पोहण्याचा निळा हौद. हौदाचं मनातही आणू नकोस. आरओचं सोडलेलं पाणी पोफळींना घालू नकोस, माडाला थोडं चालेल. पोफळीला खार सोसत नाही.

विक्रेता येईल, मीटर बुडवून टीडीएसचा आकडा दाखवेल. तो फक्त क्षार सांगतो, जंतूंबद्दल अवाक्षर नाही. पेल्यात दोन सळ्या सोडून पाणी तपकिरी करून दाखवलं, तर खुशाल हस. तो रंग मुख्यतः सळईच्याच लोखंडाचा असतो. भारतीय मानकाप्रमाणे (आयएस 10500) टीडीएस लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंत हवा, दुसरा स्रोतच नसेल तर 2000 पर्यंत चालवून घेतात. आकडा 500 च्या आत असेल तिथे आरओवर बंदी आणा, असं राष्ट्रीय हरित लवादानं 2019 साली पर्यावरण मंत्रालयाला सांगितलं होतं. आपल्या विहिरीचं पाणी त्या आकड्याच्या आत असेल, तर आरओ नकोच.

मला काळजी आहे ती जंतूंची. चार खोल्या म्हणजे चार शौचालयं, आणि त्यांची टाकी विहिरीपासून किती दूर आहे, हे तू पत्रात लिहिलेलंच नाहीस. जंतूंना उकळणं पुरतं, यूव्हीचं यंत्रही पुरतं. क्षार मात्र दोन्हींनी जात नाहीत.

बाटल्यांबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही, हे तुला ठाऊकच आहे. बाटलीबंद पाण्यावर आयएस 14543 हा क्रमांक आणि आयएसआयची खूण पाहायची. लग्नकार्यात येतात ते सील नसलेले थंड पाण्याचे जार कुठल्या नळावर भरले, देव जाणे. 2024 मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात बाटलीच्या लिटरभर पाण्यात सरासरी सुमारे 2,40,000 प्लास्टिकचे कण मोजले गेले. त्यांचं शरीरात काय होतं, ते अजून नक्की झालेलं नाही, म्हणून त्यावरून घाबरवत नाही. रिकाम्या बाटल्यांचं काय होतं, ते मात्र उधाणानंतर किनाऱ्यावर जाऊन बघ.

तरीही दोन-चार खोके घरात असू देत. 3 जून 2020 ला निसर्ग वादळानं पोफळी आडव्या केल्या आणि कित्येक दिवस वीज नव्हती. तेव्हा आरओ, यूव्ही, पंप सगळं सारखंच मुकं. विहिरीवर दोर-पोहरा आणि चूल एवढंच खरं. कँडलचा साधा स्टीलचा फिल्टरही विजेवाचून चालतो, पण त्यातलं पाणी अशा दिवसांत उकळूनच प्यायचं.

हे सगळं गोडी विहीर नशिबी असलेल्यांचं शास्त्र, हेही लक्षात ठेव. पेणच्या खारेपाटात राहणाऱ्या बाईला मी हे ऐकवणार नाही. हेटवणे धरण तिच्याच तालुक्यात, पाणी जातं नवी मुंबईला आणि तिच्या दारात उन्हाळ्यात टँकर. तिनं जार विकत घेतला तर त्यात चूक तिची नाही.

तेव्हा पाणी दोनदा तपास: वैशाखात क्षारांसाठी, पहिल्या पावसानंतर जंतूंसाठी. जंतूंच्या नमुन्याची निर्जंतुक बाटली प्रयोगशाळेतूनच आण, बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचव. क्षार कमी निघाले तर यूव्ही आणि कँडल, उन्हाळ्यातच चढत असतील तर तेवढ्या दोन महिन्यांपुरता छोटा आरओ. त्याचं सोडलेलं पाणी फ्लशच्या टाकीत जाईल अशी वेगळी नळी ठेवायला प्लंबरला आजच सांग. फरश्या बसल्यावर तो दुप्पट पैसे मागेल.

तुझा,
मामा