आप्पांचा कट्टा

निवडणुकीची आचारसंहिता लागली की आप्पांना नोटीस येते: परवान्याचं रिव्हॉल्व्हर जमा करा. तसेच आलेले पाच-सात जण शिंदखेड्याच्या पोलीस ठाण्याबाहेर भेटतात. पावती मिळेपर्यंत कापसाचा भाव, गुडघे, मग हत्यारं. ‘काय भाऊ, गंज चढना का?’ एरवी ही माणसं याबद्दल घरातही बोलत नाहीत. इथे मात्र तेल कुठलं घालता, इथपर्यंत गप्पा जातात.

आप्पांचं .३२ बोअरचं, कानपूरच्या सरकारी कारखान्यातलं. ९ एमएम सामान्य नागरिकाला मिळत नाही. २०१९च्या दुरुस्तीने तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवता येतात, तेव्हा मंडळी आठवडाभर हळहळली. तीन कोणाकडेच नव्हती म्हणा! चोपड्यापलीकडे, मध्य प्रदेशातल्या उमर्टीच्या गावठी कट्ट्यांचं नाव काढलं की मात्र सगळे चिडतात. आपण कागदवाले, हा त्यांचा ताठा.

आता आप्पांची सत्तरी उलटली. नियमाने परवान्यासाठी वारसाला अर्ज करता येतो, आणि वारस मी. आई म्हणते, घरात लहान पोर आहे. मलाही हत्यार नकोच आहे. पण ते गेलं की आप्पांचं ठाण्याबाहेरचं बसणंही जाईल, आणि गेल्या वेळी सातातले चारच उरले होते. अर्जावर फोटो लावायचा राहिलाय. आप्पा विचारत नाहीत. परवा फक्त समोर बसवून दाखवलं: हातात घेतलं की आधी उघडायचं, सहाही घरं रिकामी आहेत का बघायचं, मग बाकीचं.